सावरगावकरांचा अर्धा कागद

सावरगावकर सर कुठल्याही इमारतीत शिरले की आधी जिन्याखाली वाकून बघायचे. यजमान वर दारात ताटकळत उभे असोत, हातात मिठाईचा पुडा असो, आत सत्यनारायणाची पूजा सुरू झालेली असो, सरांचं पहिलं दर्शन जिन्याखालच्या विजेच्या मीटरना. ओठ हलवत मोजायचे आणि मगच वर चढायचे. एकदा मराठी मंडळाच्या नव्या चिटणिसांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यांचं काही हरवतं का नेहमी?" मी म्हटलं, "त्यांचं नाही, नगरपालिकेचं." चिटणिसांना काही कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही अर्धवटच कळलेलं होतं.

आमचं ऑफिस केंद्र सरकारचं. काम नगरपालिकांचे हिशेब तपासण्याचं. मी अकोल्याची, बदली होऊन कोलकात्याला आले ती रडतच आले, आणि पहिल्याच आठवड्यात मला सरांच्या तुकडीत टाकलं. तुकडी म्हणजे आम्ही दोघंच. सर मूळचे बार्शीचे, पण तीस वर्षांहून जास्त काळ बंगालात काढलेले. ठेंगणे, कॉलरला शिवण घातलेला पांढरा शर्ट, पायात रबरी बूट, कारण म्हणे कुठल्याही नगरपालिकेची खरी परिस्थिती गटाराशेजारीच कळते. बंगाली फाडफाड बोलायचे, पण त्यातला बार्शीचा ठसका काही गेला नव्हता. नगरपालिकांमधले लोक त्यांना 'सावरबाबू' म्हणत. तपासनीस आला की माणसं फायली लपवतात. सावरबाबू आले की ती खुर्च्या पुसायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पहिल्या दौऱ्याला आम्ही सियालदहहून बजबजला जाणाऱ्या गाडीत बसलो आणि मधल्याच एका स्टेशनावर उतरलो. त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या लोकांनी माझं काही वाईट केलेलं नाही, उलट खूप खाऊ घातलंय. नदीकाठचं गाव, एक बंद पडलेली ताग गिरणी, एक चालू, आणि जुन्या कौलारू घरांच्या मधून मधून उगवलेल्या चार-चार मजली इमारती. मी खांद्यावरचा लॅपटॉप सावरत नगरपालिकेच्या पायऱ्या चढायला लागले तर सर उलट्या दिशेने चालू पडलेले.

"सर, ऑफिस इकडे आहे."

"ते कुठे पळून जातंय? आधी गाव बघू."

"पण हिशेब?"

"हिशेब त्यांनी लिहून ठेवलाय तो आहेच. न लिहिलेला इकडे आहे."

दिवसभर आम्ही चाललो. माझ्या नव्या चपलेने टाच सोलली, पण सरांना सांगायची सोय नव्हती, कारण ते एखाद्या बोळात शिरलेले असायचे. एका गुलाबी इमारतीत जिन्याखाली वाकून आम्ही दोघं मीटर मोजत होतो, तेवढ्यात वरून एक बाई ओरडल्या, "की देखछेन? की चाई?" काय बघताय, काय हवंय? सर शांतपणे म्हणाले, मीटर मोजतोय. बाईंना वाटलं वीज तोडायला आले. त्यांनी नवऱ्याला हाक मारली, नवऱ्याने शेजाऱ्याला, आणि पाच मिनिटांत जिन्यावर अख्खी इमारत गोळा झाली. सरांनी ओळखपत्र दाखवलं, मग एका म्हाताऱ्या बाबूंच्या गुडघेदुखीची चौकशी केली, मग बिलं कशी भरमसाट येतात यावर त्यांच्यापेक्षा जास्त तक्रार केली. शेवटी आम्ही त्या बाईंच्या घरी चहा आणि नारळाचे लाडू खाऊन बाहेर पडलो.

"किती मोजलेस?" रस्त्यावर आल्यावर सरांनी विचारलं.

"चौदा."

संध्याकाळी नगरपालिकेत त्यांनी घरपट्टीचं रजिस्टर उघडून माझ्यासमोर सरकवलं. त्या पत्त्यावर नोंद होती: पत्र्याची शेड, एक कुटुंब. पत्र्याची शेड कधीच पाडली गेली होती, चौदा कुटुंबं राहायला आली होती, आणि नगरपालिका अजून त्या शेडीचाच कर घेत होती. मी चिडून म्हटलं, "ही तर चोरी आहे." सर म्हणाले, "छे गं. कोणी येऊन विचारलंच नाही त्यांना. आपण विचारायला गेलो तर त्यांनी लाडू दिले."

नगरपालिकेच्या पैशाचं गणित मला पुस्तकात कधी कळलं नव्हतं, ते सरांनी त्या गावच्या चहाच्या टपरीवर शिकवलं. वरून येणारं अनुदान भरपूर असतं, पण प्रत्येक रुपयाच्या गळ्यात पट्टी बांधलेली असते. हा पाण्याचा, हा कचऱ्याचा, हा रस्त्याचा. पाण्याचा रुपया कचऱ्याला लावला की आमच्यासारखे लोक धावत येतात. नगरपालिकेला मोकळा असा एकच पैसा, घरपट्टीचा आणि तिच्या जोडीच्या चार फुटकळ करांचा. आणि नेमका तोच वाढवायला कुणी तयार नाही. सर म्हणायचे, "अनुदान म्हणजे माहेरहून आलेला डबा. छान असतो, पण त्यात काय भरायचं ते आई ठरवते. घरपट्टी म्हणजे आपलं पीठ. त्याची पोळी करा, नाहीतर धिरडं करा."

टपरीवर एक दुकानदार घरपट्टीच्या नावाने बोटं मोडत होता. नगरपालिका लुटते, नळाला पाणी नाही, सगळं पाणी विकत घ्यावं लागतं. सरांनी विचारलं, महिन्याला पाण्याचे जार किती लागतात? त्याने सांगितलं. सरांनी गुणाकार त्यालाच करायला लावला. त्याच्या वर्षाच्या घरपट्टीइतके पैसे पाण्याच्या जारवाल्याकडे दोन महिन्यांत जात होते. दुकानदाराने गुणाकार पुन्हा एकदा करून पाहिला आणि म्हणाला, "पण जारवाला बिल पाठवत नाही." सर इतके खूश झाले की त्याच्या चहाचे पैसे त्यांनी दिले. परतीच्या गाडीत मला म्हणाले, "बघ, याला अर्थशास्त्र येतं. तेलाच्या पिशवीवरचा कर कुणाला दिसत नाही, म्हणून कुणी भांडत नाही. घरपट्टीचं बिल दारात येतं, त्यामुळे साऱ्या सरकारांवरचा राग एकट्या नगरपालिकेला खावा लागतो."

आता अर्ध्या कागदाचं सांगते. आमच्या धंद्यात आक्षेप विचारायची एक जुनी रीत आहे. कागद मधोमध उभा दुमडायचा. एका अर्ध्यात आपण प्रश्न लिहायचा आणि दुसरा अर्धा कोरा सोडायचा, समोरच्याला उत्तर लिहायला. त्याला 'हाफ मार्जिन' म्हणतात. हल्ली आम्ही सगळे हे कॉम्प्युटरवर करतो आणि कोरी जागा नावापुरती ठेवतो. सर हाताने कागद दुमडत, नखाने घडी पक्की करत आणि कोऱ्या अर्ध्यावर शाईचा थेंब पडला तर तो कागद फाडून नवा घेत.

ही रीत त्यांनी घरीही चालवली होती. त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा फ्रिजवर अर्धी दुमडलेली यादी चिकटवलेली होती. उजवीकडे सरांच्या अक्षरात: 'तूरडाळ संपत आली आहे काय?' डावीकडे काकूंच्या अक्षरात: 'डोळे आहेत ना? डबा उघडून पाहावा.' त्याखाली: 'मागील महिन्यात साखर जास्त लागल्याचे दिसते. कारण?' आणि डावीकडे: 'तुमचे मित्र.' काकूंचं नाव नलिनी. गोऱ्या, उंच, सरांपेक्षा चार बोटं उंचच, आणि हसल्या की खांदे हलवत हसायच्या. त्यांनी मला कढी-गोळे वाढता वाढता सांगितलं, "लग्नानंतर पहिलं पत्र आलं तेही अर्धंच. मला वाटलं, माणसाला बोलायला सुचत नाही की काय. आई म्हणाली, अगं, तुला लिहायला जागा ठेवलीय त्याने." सर वरणात तूप कालवत ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. त्या दिवशी मला कोलकात्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

त्याच गावात नगरपालिकेचं मातृसदन होतं. म्हणजे प्रसूतिगृह. बाराच खाटांचं, पिवळ्या भिंतींचं, समोर एक बाक आणि एक शेवग्याचं झाड. गिरणीतल्या, वीटभट्टीवरच्या आणि घरकाम करणाऱ्या बायका तिथेच यायच्या, कारण पुढचं सरकारी हॉस्पिटल लांब होतं आणि खासगी नर्सिंग होमचं दार त्यांच्यासाठी उघडत नव्हतं. मिनतीदी म्हणून तिथल्या मुख्य नर्स होत्या. वय साठीकडे झुकलेलं, आवाज हवालदाराचा. मी सहज विचारलं, आजवर किती बाळंतपणं केलीत? तर म्हणाल्या, "मतदार यादी बघ. अर्धी माझी आहे."

दुसऱ्या वर्षी मी त्या गावचे हिशेब स्वतंत्रपणे तपासत होते. सर शेजारच्या टेबलावर. आणि मला ते सापडलं. पाण्याच्या पाइपलाइनसाठी आलेल्या अनुदानातून सलग सात महिने मातृसदनाच्या आयांचे आणि नर्सांचे पगार गेले होते. कुणी खिशात घातलेलं नव्हतं. घरपट्टीचा पैसा संपला होता, बायकांचे पगार थकले होते, आणि लेखापाल घोषालबाबूंनी समोर पडलेला पैसा उचलून दिला होता. मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि टेबलाकडे बघत म्हणाले, "दीदी, पाइप सात महिने थांबू शकतो. बाळ थांबत नाही."

पण नियम सरळ होता. आक्षेप लिहिला की वळवलेला पैसा परत भरावा लागणार, तो भरेपर्यंत पाण्याचा पुढचा हप्ता अडकणार, आणि मोकळा पैसा नसलेली नगरपालिका पहिली काय बंद करणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी फाइल मिटली. सरांना हळूच म्हटलं, "सर, हे मी पाहिलंच नाही असं धरू या का?"

सरांनी पेन खाली ठेवलं. "पाहिलंस की नाही?"

"पाहिलं."

"मग लिही."

मी भडकले. आजही आठवलं की लाज वाटते, पण मी त्यांना तिथेच ऐकवलं. तुम्हाला तीस वर्षांत नियमाशिवाय काही दिसलं नाही, मिनतीदी तुम्हाला गुळाचे पेढे खाऊ घालतात आणि तुम्ही त्यांच्या दाराला कुलूप लावणार, वगैरे. घोषालबाबू मराठी येत नसूनही सगळं समजल्यासारखे पाणी आणायला उठून गेले. सरांनी पेन उचलून पुढचं पान उलटलं. दुपारी जेवायच्या सुट्टीत म्हणाले, "चल, स्टेशनवर बसू."

प्लॅटफॉर्मवर उन्हाची तिरीप होती. बाकावर बसून त्यांनी डबा उघडला नाही, नुसता मांडीवर ठेवला. मग सांगायला लागले, हिशेब वाचून दाखवावा तसं, आवाज न चढवता.

नोकरीच्या चौथ्या वर्षी नदीपलीकडे, हावड्याच्या बाजूला एका लहानशा गावात त्यांनी अगदी असाच आक्षेप घेतला होता. तिथेही असंच प्रसूतिगृह, असाच वळवलेला पैसा. आक्षेप बिनतोड होता. वरिष्ठांनी पाठ थोपटली, चांगल्या कामाचा शेरा मिळाला, बढतीही लवकर झाली. पुढल्या वर्षी ते पुन्हा त्या गावात गेले तेव्हा त्यांच्या जुन्या आक्षेपाचा कागद उत्तरासहित फायलीत लागलेला होता. कोऱ्या अर्ध्यात तिथल्या कारकुनाने दोनच ओळी लिहिल्या होत्या. आक्षेपानुसार केंद्र बंद करून रक्कम परत भरण्यात आली आहे. गेल्या महिन्यात पलीकडच्या हॉस्पिटलात जायला निघालेली एक बाई फेरीबोटीच्या धक्क्यावर बाळंत झाली, मूल वाचलं नाही. खाली सही, शिक्का, आणि 'माहितीसाठी सविनय सादर'.

"मी काय करायचं असतं त्या उत्तराचं?" सर म्हणाले. "नियमाप्रमाणे उत्तर समाधानकारक होतं. पैसे परत भरले होते. मी त्यावर 'आक्षेप निकाली' असं लिहिलं आणि सही केली."

गाडी आली, गेली. मला त्यांची माफी मागायची होती आणि ती कशी मागावी ते कळत नव्हतं.

"म्हणजे तेव्हा लिहायला नको होतं, असंच ना?" मी शेवटी विचारलं.

"छे. तेच तर माझं चुकत होतं कितीतरी वर्षं. वाटायचं, लिहिलं नसतं तर बरं झालं असतं. पण झाकून ठेवलं असतं तर दोन वर्षांनी दुसऱ्या कुणी उघडलं असतं. मी लिहिलं ते बरोबर होतं. मी अर्धंच लिहिलं, ते चुकलं. पैसा चुकीच्या पेटीतून गेला एवढंच सांगितलं. त्यांची स्वतःची पेटी रिकामी का, ते बघायला मी गावात गेलोच नव्हतो. तीन दिवस टेबलावर बसून आलो होतो."

मग त्यांनी डबा उघडला आणि अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली.

त्या अहवालात दोन आक्षेप गेले. पहिला माझा, पाण्याच्या पैशाचा, एकही शब्द न झाकता. दुसरा सरांचा. त्यात गावातल्या एकेक इमारतीचा पत्ता, रजिस्टरातली नोंद आणि जिन्याखालचे मीटर, अशी पानंच्या पानं होती. शेवटी त्यांनी हिशेब मांडला होता की ही घरं जशी आहेत तशी नोंदली, दर पैशानेही न वाढवता, तरी वळवलेला पैसा फिटून आयांचे पगार निघतात. बैठकीत नगराध्यक्षांनी दुसरा आक्षेप दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता, पण निवडणूक जवळ होती. ते म्हणाले, "सावरबाबू, तुम्ही आम्हाला मारायला निघालात. या इमारतींत मतं राहतात."

"मातृसदनातही राहतात," सर म्हणाले. "जरा उशिरा येतात मतदानाला, एवढंच."

नगराध्यक्ष हसले, पण पुढचं त्यांनी हसून सांगितलं नाही. नव्याने आकारणी करू, नोटिसा काढू, लोकांच्या हरकती ऐकू. त्यातून पैसा उभा राहिला तर मातृसदन चालू, नाहीतर वर्षअखेरीला कुलूप. मिनतीदी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी नगराध्यक्षांकडे नाही, सरांकडे पाहिलं.

पुढे चार महिन्यांत सर निवृत्त झाले. सगळ्यांना वाटलं आता पुण्याला मुलाकडे जातील. मुलाने खोली रंगवून ठेवली होती. आणि या माणसाने काय केलं, तर फंडाच्या पैशातून त्याच गावात, त्याच गुलाबी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा जुना फ्लॅट घेतला. मी काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "मला काय विचारतेस? मी डावीकडे लिहिलं होतं, 'लिफ्ट नाही, विचार व्हावा'. पण नदी दिसते गं गॅलरीतून, म्हणून मग मीच खोडलं." सरांना कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांच्या गावांचे हिशेब तपासले. एका तरी गावात कर भरून भांडावं म्हणतो."

हरकतींच्या सुनावणीच्या शनिवारी मी योगायोगानेच त्यांच्याकडे गेले होते. सर म्हणाले, "चल, गंमत बघायला." नगरपालिकेच्या सभागृहात गर्दी मावत नव्हती. पुढे टेबलामागे समितीचे तिघं, मधोमध नगराध्यक्ष. एकेकाचं नाव पुकारलं जाई, तो हात जोडे, आजारपण सांगे, मुलीचं लग्न सांगे, आणि समिती मान हलवून आकडा निम्म्याने छाटे. कुणी काही मोजत नव्हतं. घोषालबाबू कोपऱ्यात बसून नवे आकडे लिहीत होते आणि प्रत्येक आकड्यासरशी त्यांचा चेहरा उतरत होता. मला स्पष्ट दिसत होतं की दुपारपर्यंत हे सगळं जुन्या जागी जाऊन बसणार आणि मातृसदन गेलं.

सरांचं नाव आलं. नगराध्यक्षांनी ओळखलं, अवघडून हसले. "सावरबाबू, तुम्हीसुद्धा? ठीक आहे, कितीने कमी करू?"

"कमी नाही," सर म्हणाले. "वाढवायचाय."

सरांनी पिशवीतून एक कागद काढला, अर्थातच मधोमध दुमडलेला, आणि टेबलावर ठेवला. माझी मागची गॅलरी आधीच्या मालकाने बंद करून खोली केली आहे. तुमच्या माणसाने उघडी लिहिली आहे. मी फीत लावून मोजली आहे. एवढी जागा वाढवा, एवढा कर वाढेल. बाजूच्या अर्ध्यात आपला निर्णय लिहून सही करावी.

मागून कोणीतरी मोठ्यांदा म्हणालं, "पागोल!" हशा पिकला. सर उभेच. नगराध्यक्षांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, घोषालबाबूंकडे दिला आणि कोऱ्या अर्ध्यात 'मंजूर' लिहून सही केली. दुसरं काय करणार होते? मग पुढचं नाव पुकारलं. औषधांच्या दुकानाचा मालक, तीन मजले, हात जोडून तयार. नगराध्यक्षांनी त्याला आजारपण सांगू दिलं, आणि मग जरा थांबून, कुणाकडेही न बघता विचारलं, "मोजमाप आणलंय का?"

त्याने आणलेलं नव्हतं. त्याच्या पुढच्यानेही नव्हतं. एका माणसाची गॅलरी फूट-इंचांत नोंदवल्यावर पुढच्याचे तीन मजले नुसत्या हात जोडण्यावर सोडता येईनात. दुपारपर्यंत अर्ध्या लोकांना फीत घेऊन या म्हणून परत पाठवलं गेलं, आणि बहुतेक जण परत आलेच नाहीत, कारण फितीने मोजलं तर कर कमी होणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. औषधवाल्याने जाता जाता सरांना जे सुनावलं ते मी लिहीत नाही. पुढचे सहा महिने त्या दुकानातून सरांना खोकल्याचं औषधही मिळालं नाही, काकूंना दोन स्टेशनं पुढे जाऊन आणावं लागे.

मातृसदन त्या वर्षी बंद झालं नाही. पुढच्याही नाही. आजही चालू आहे, एवढंच मी सांगू शकते. आयांचे पगार कधी वेळेवर होतात, कधी नाही, पण पाण्याच्या पैशातून नाही.

सर जाऊन आता दीड वर्ष झालं. काकूंनी त्या दिवशी सकाळी फोन केला, फार रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मिनतीदी आली होती, शेवटपर्यंत हात धरून बसली. म्हणाली, एवढी जन्माला आणली मी, एकाला पोचवायला काय हरकत आहे." मी तेव्हा नागपूरला होते. जाता आलं नाही, याचं मला वाईट वाटतं आणि ते वाटत राहील.

सरांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, माझ्या नागपूरच्या बदलीच्या वेळी. निरोप घ्यायला गेले तर काकू म्हणाल्या, "घरी कुठले? रोज सकाळी तिकडे जाऊन बसतात. पेपर इथे वाचता येत नाही म्हणे." मी मातृसदनाच्या फाटकाशी पोचले. सर समोरच्या बाकावर बसले होते, रबरी बूट, पेपर मांडीवर तसाच घडी केलेला. शेजारी एक तरुण, बहुधा टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा, चालवणारा, हातातली किल्ली सारखी फिरवत, उठत, बसत होता. आतून एका नव्या बाळाचं रडणं आलं, तसा तो ताडकन उभा राहिला. आयाने दारातून मान हलवली, तुझं नाही, अजून वेळ आहे. तो परत बसला. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्याने सरांना विचारलं, "आत तुमचं कोण आहे, काका?"

सर रडण्याच्या दिशेने बघत होते. म्हणाले, "अजून नाव ठेवलेलं नाही."